चालू धंदा विकत घेताय? मग "हे सगळं माझंच आहे" हे लेखी घ्या

चालू धंदा घ्यायचा ठरला की विकणारा माणूस पहिल्या दिवशी तुम्हाला सगळीकडे फिरवतो, हे मशीन, तो कॉम्प्रेसर, मागच्या रॅकवरचा माल, दोन गाड्या, ऑफिसातले कॉम्प्युटर, आणि शेवटी हात फिरवून म्हणतो "हे सगळं आता तुमचंच". तो खोटं बोलत असतो असं अजिबात नाही. पण त्या "सगळं"मध्ये नक्की काय काय येतं आणि त्यातलं खरंच त्याचं किती, हे बऱ्याचदा त्यालाही धड माहीत नसतं. वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असलेली वस्तू आपलीच वाटायला लागते, माणसाचा स्वभावच आहे तो.

करारातल्या "सेलर वॉरंटी"च्या पानांवर आले की आमचे बरेच ग्राहक म्हणतात, हे काय छापील असतंय, सही करून टाकू. हे पत्रक त्यांच्यासाठी. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे तुमच्या डीलला नेमकं काय लागू आहे ते समोरासमोर बसूनच बोलू, इथे फक्त विषय डोक्यात बसावा एवढंच.

पहिली गोष्ट, ही वॉरंटी म्हणजे फ्रिजबरोबर मिळतं ते कार्ड नाही. तिथे कंपनी म्हणते बिघडलं तर दुरुस्त करून देऊ. इथे विकणारा एक विधान करतो, "यादीतली प्रत्येक वस्तू माझ्या मालकीची आहे, तिच्यावर कोणाचा बोजा नाही आणि ती चालू स्थितीत आहे", आणि ते विधान चुकीचं निघालं तर तुम्ही त्याच्याकडे नुकसानभरपाई मागू शकता. लोकांना वाटतं वॉरंटीचा उपयोग नंतर भांडायला. आमचा अनुभव उलटा आहे. तिचा खरा उपयोग सहीच्या आधी होतो, कारण असं वाक्य समोर ठेवून "इथे सही करा" म्हटलं की विकणारा पहिल्यांदाच थांबतो, कपाटातल्या फायली काढतो, अकाउंटंटला फोन लावतो, आणि मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागते.

एका डीलचं सांगतो. यादीत १४ मशीनं होती, सगळ्यांपुढे "स्वतःच्या मालकीचं" लिहिलेलं. आम्ही यादी घेऊन फ्लोअरवर गेलो आणि प्रत्येकाच्या नेमप्लेटवरचा सीरियल नंबर जुळवत टिक करत निघालो. अकराव्या मशीनची नेमप्लेट भिंतीकडच्या बाजूला, तेल आणि धुळीचा थर बसलेली, फडक्याने पुसली तर तिच्याखाली आणखी एक बोटभर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, त्यावर एका फायनान्स कंपनीचं नाव आणि "ही मालमत्ता आमची आहे, विकू अथवा हलवू नये". विकणारे काका चाटच पडले, "अहो, हप्ते तर कधीच फिटले!" फिटले होते हो, पण हप्ते संपल्यावर एक किरकोळ रक्कम भरून मालकी नावावर करून घ्यायची असते, ते राहून गेलेलं. दोन आठवड्यांत फायनान्स कंपनीचं पत्र आलं आणि विषय मिटला. पण हीच पट्टी ताबा घेतल्यावर दिसली असती तर ते दोन आठवडे तुमचे गेले असते, आणि कदाचित मशीनसुद्धा.

मालकी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढा साधा नियम आहे हा. वकील लोक लॅटिनमध्ये "नेमो डॅट" म्हणतात, म्हणजे जे स्वतःचं नाही ते कोणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. ह्याला अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर धंदा घेऊ नका.

आता धंद्याच्या जागेत असलेल्या पण विकणाऱ्याच्या नसलेल्या वस्तू कुठल्या असतात? हप्त्यावर किंवा लीजवर घेतलेली मशीनं तर असतातच, फोटोकॉपी मशीन जवळपास नेहमीच भाड्याचं निघतं. पण खरी गंमत पुढे आहे. गोडाऊनमधला माल पुरवठादाराचा असू शकतो, कारण त्याच्या बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी आमचीच. साचे आणि डाय बऱ्याचदा मोठ्या ग्राहकाचे असतात, त्याने पैसे देऊन बनवून घेतलेले आणि कामासाठी इथे ठेवलेले. गाडी मालकाच्या बायकोच्या नावावर असते. वेबसाइटचं नाव कधीतरी एका पुतण्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं असतं आणि तो आता दुसऱ्याच देशात. धंदा चालतो ते सॉफ्टवेअर तर विकत घेतलेलं नसतंच, वापरायचं लायसन्स असतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येईल की नाही हे त्याच लायसन्समध्ये बघावं लागतं.

नावाचं तर फार जपा. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने व्हिकर्स ह्या ब्रिटिश कंपनीकडून रोल्स-रॉइस मोटर कार्स घेतली, ४३ कोटी पौंडांना, त्यात इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना आला, बॉनेटवरची ती प्रसिद्ध मूर्ती आली, पुढची जाळीसुद्धा आली, पण "रोल्स-रॉइस" हे नाव आणि डबल आर लोगो ह्यांचा हक्क विमानाची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे होता आणि तिने तो ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिला. २००३ पासून रोल्स-रॉइस गाड्या बीएमडब्ल्यू बनवते, फोक्सवॅगनकडे राहिली बेंटली. एवढ्या मोठ्या डीलमध्ये जर नाव एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे राहू शकतो तर आपल्या डीलमध्ये फोन नंबर आणि दुकानाचं नाव कोणाच्या नावावर आहे हे विचारायला लाजायचं काय.

मग येतो बोजा. वस्तू विकणाऱ्याचीच असते, पण बँकेकडे तारण असते. बऱ्याच देशांत ह्याची रजिस्टरं आहेत, ऑस्ट्रेलियात ३० जानेवारी २०१२ पासून देशभराचं एकच ऑनलाइन रजिस्टर चालू आहे, न्यूझीलंडमध्ये २००२ पासून. तिथे शोध घ्याच. पण शोध कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ब्रिटनमध्ये कंपनीने दिलेलं तारण नोंदवायला २१ दिवसांची मुदत असते, म्हणजे परवा दिलेलं तारण आज रजिस्टरला दिसेलच असं नाही. अमेरिकेत तर नोंदीतलं कर्जदाराचं नाव जरा चुकलं तरी गोंधळ होतो. म्हणून शोधही घ्यायचा आणि वॉरंटीही घ्यायची, आणि कर्ज असेल तर पैसे देण्याच्या दिवशीच बँकेचं बोजा उतरवल्याचं पत्र हातात घ्यायचं. "नंतर पाठवतो" ह्यावर नाही.

धंद्याऐवजी कंपनीचे शेअर घेत असाल तर वस्तू जिथल्या तिथेच राहतात, मालक कंपनीच असते, बदलतो तो कंपनीचा मालक. तेव्हा वॉरंटीचं वाक्य "कंपनीच्या मालकीचं आहे" असं पाहिजे. नुसतं "माझ्या" म्हणून चालत नाही.

स्थिती

मालकीला हो किंवा नाही असं उत्तर असतं, स्थितीला नसतं. "चांगल्या स्थितीत" म्हणजे काय? बारा वर्षांचं मशीन नव्यासारखं कसं असेल. म्हणून करारात साधारण असं लिहितात की वय आणि वापर बघता होणारी नेहमीची झीज सोडून चालू स्थितीत आहे, कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे मेंटेनन्स झालेलं आहे आणि ज्या कामासाठी वापरतात त्याला योग्य आहे. आमचा आग्रह असतो की मोठ्या नगांसाठी आणखी नेमकं लिहा, अवर मीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग, शेवटच्या सर्व्हिसची तारीख, बाकी असलेली दुरुस्ती, सेफ्टी सर्टिफिकेट कधीपर्यंतचं. मशीन लोडवर चालवून बघा, नुसतं चालू करून नाही, रिकामं तर कुठलंही मशीन छान घुमतं.

विकणारा जर "जसं आहे तसं, जिथे आहे तिथे" म्हणत असेल तर समजा की स्थितीची जबाबदारी तो घेत नाहीये. चालेल, पण मग किंमत त्या हिशोबाने, आणि मालकीची वॉरंटी तरीही सोडायची नाही, ती वेगळी गोष्ट आहे.

आणि एक वाक्य आम्ही प्रत्येक करारात टाकायला बघतो, की आज धंदा जसा चालतोय तसा चालवायला लागणारं सगळं ह्या यादीत आहे. कारण प्रत्येक वस्तू असली मालकीची आणि उत्तम चालणारी, पण जनरेटरच यादीत नसला, कारण तो मालकाच्या दुसऱ्या कंपनीचा आहे, तर पहिल्याच दिवशी अंधार.

"माझ्या माहितीप्रमाणे"

हे दोन शब्द फार स्वस्तात विकले जातात. मालकीच्या वॉरंटीत ते कधीच घेऊ नका, स्वतःची वस्तू स्वतःची आहे की नाही हे माहिती असायलाच पाहिजे. मशीनच्या आतल्या दोषाबाबत विकणारा म्हणाला की माझ्या माहितीत नाही, तर ते समजू शकतो, पण मग "योग्य चौकशी करून" हे पुढे जोडून घ्या आणि कोणाला विचारलं तेही, निदान मेंटेनन्सवाल्याला तरी.

विकणारा वॉरंटीबरोबर एक डिस्क्लोजर लेटर देतो, म्हणजे "वरचं सगळं खरं, फक्त एवढं सोडून". ह्या पत्रात नीट सांगितलेल्या गोष्टीवर नंतर सहसा दावा करता येत नाही, म्हणून ते शेवटच्या रात्री ईमेलवर आलं तर सही पुढे ढकला. "काही मशीनांना किरकोळ दुरुस्ती लागू शकते" असलं गोलमाल वाक्य परत पाठवा, कुठलं मशीन, काय दुरुस्ती ते लिहा म्हणावं.

तुम्हाला आधीच माहीत असलेल्या दोषाचं काय? इथे देशोदेशीचा कायदा वेगळा बोलतो. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने १९९० मध्ये सीबीएस आणि झिफ-डेव्हिस ह्या कंपन्यांमधल्या, मासिकांचा धंदा विकल्याच्या खटल्यात म्हटलं की घेणाऱ्याला विकणाऱ्याने दिलेल्या नफ्याच्या आकड्यांबद्दल शंका होती तरी त्याने वॉरंटीचं वचन विकत घेतलंय, त्यामुळे दावा करता येतो. पण दोनच वर्षांनी तोच कायदा लावताना फेडरल अपील कोर्टाने म्हटलं की विकणाऱ्याने स्वतःच खरं सांगितलं आणि घेणाऱ्याने हक्क राखून न ठेवता व्यवहार पूर्ण केला तर हक्क गेला. म्हणून माहीत असलेल्या दोषाला वॉरंटीत बसवायचंच नाही, त्यासाठी वेगळी इंडेम्निटी घ्या, म्हणजे "ह्या कारणाने जे जाईल ते मी भरीन".

दोन्हींत फरकही मोठा आहे. वॉरंटी मोडली तर बऱ्याच ठिकाणी मिळतो तो किमतीतला फरक. समजा १०० ला घेतलेला धंदा त्या दोषामुळे ९२ चाच निघाला, दुरुस्तीला मात्र १५ लागले, तर हातात पडतात ८. इंडेम्निटी असती तर १५.

पैसे कोण देणार

विकणारी कंपनी विक्रीनंतर रिकामी होते, पैसे मालकाच्या खिशात, मग दावा कोणावर? म्हणून मालकाची वैयक्तिक हमी मागा, किंवा किमतीचा काही भाग ठरलेल्या मुदतीपर्यंत मागे ठेवा. साधारण वॉरंटींना १२ ते २४ महिन्यांची मुदत आणि रकमेची मर्यादा असते, मालकीच्या वॉरंटीला ह्याहून जास्त मुदत आणि पूर्ण किमतीपर्यंत मर्यादा मागायची, बहुतेक विकणारे देतात. सही आणि ताबा ह्यांत अंतर असेल तर वॉरंटी ताब्याच्या दिवशी पुन्हा दिली गेली पाहिजे, मधल्या महिन्यात एखादं मशीन मोडू शकतं किंवा गपचूप बदललंही जाऊ शकतं. आणि दोष सापडला की आधी करारातली नोटिशीची मुदत बघा, दुरुस्ती करून सगळं मिटवल्यावर आमच्याकडे आलात तर बघायला पुरावाच नसतो.

तुम्ही विकणारे असाल तर वरचं सगळं वाचून घाबरू नका. डिस्क्लोजर लेटर ही तुमचीच ढाल आहे, जितकं जास्त आणि स्पष्ट सांगाल तितकं नंतरचं डोकं कमी दुखेल.

पहिल्या भेटीला येताना मालमत्तेची यादी असेल तशी आणा, हाताने लिहिलेली चालेल, सोबत खरेदीची बिलं, कर्जाचे आणि लीजचे कागद, आणि मोबाइलवर प्रत्येक मोठ्या मशीनच्या नेमप्लेटचा फोटो. भिंतीकडच्या बाजूचाही.