मसल कारच्या इंजिनासाठी परफॉर्मन्स कॅमशाफ्ट निवडणं

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनच्या पोटातला तो दांडा ज्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, हे ठरवतात की व्हॉल्व कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी बंद करायचा. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की याची एक फेरी. अमेरिकन मसल कारच्या व्ही-८ इंजिनात हा एकच दांडा ब्लॉकच्या मधोमध क्रँकच्या वर बसलेला असतो, त्याचे १६ लोब १६ लिफ्टर उचलतात, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्वला. आपल्याकडच्या बुलेटवाल्यांना पुशरॉड काही नवा नाही, तत्त्व तेच, पसारा मोठा.

मसल कारचा काळ साधारण १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून धरतात, मधल्या आकाराची गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन. या इंजिनांचं बरंवाईट बरंचसं कॅमवर ठरायचं, त्यामुळे आजही जुनं इंजिन खोललं की पहिला प्रश्न येतो तो कॅम कोणता टाकायचा. आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुकतात. चूकही जवळपास नेहमी एकाच बाजूला होते, गरजेपेक्षा मोठा कॅम. कारण मोठ्या कॅमचा आयडलिंगचा आवाज, तो अडखळत धडधडणारा, अंगावर काटा आणतो आणि तो आवाज पाहिजे म्हणून माणूस कॅम घेतो. मग सिग्नलवरून निघताना गाडीला पिकअपच नाही. या नोंदीत उदाहरण म्हणून मुख्यतः शेव्हरोलेचं, म्हणजे शेव्हीचं, ३५० घनइंची स्मॉल ब्लॉक (लहान ब्लॉकचं व्ही-८) घेतलंय, १९६७ च्या कमॅरोत पहिल्यांदा आलेलं, कारण त्याचे पार्ट आणि आकडे सगळ्यात जास्त लोकांच्या हाताखालून गेलेत.

कॅम कार्डवरचे आकडे

प्रत्येक नव्या कॅमबरोबर एक कार्ड येतं, त्यावर लिफ्ट, ड्यूरेशन, लोब सेपरेशन वगैरे. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व किती इंच उघडतो. लोबची उंची गुणिले रॉकरचा रेशो एवढंच गणित आहे, ३५० मध्ये रेशो १.५ असतो, बिग ब्लॉक शेव्हीत १.७, फोर्डच्या ३०२ मध्ये १.६. म्हणून त्याच कॅमवर १.५ च्या जागी १.६ चे रॉकर लावले तर ०.४५० ची लिफ्ट ०.४८० होते, कॅमला हातही न लावता.

ड्यूरेशन म्हणजे क्रँकच्या किती डिग्रीपर्यंत व्हॉल्व उघडा राहतो. यात गोम अशी की मोजायला सुरुवात कुठून करायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कोणी लिफ्टर ०.००६ इंच उचलला गेल्यापासून मोजतं कोणी आणखी कुठून, म्हणून जाहिरातीतलं ड्यूरेशन एका कंपनीचं दुसरीशी ताडून बघण्यात अर्थ नाही. तुलना करायची तर ०.०५० इंचावरचं ड्यूरेशन बघायचं, ते सगळ्यांचं एकाच मापाने असतं. ३०० हॉर्सपॉवरच्या साध्या ३५० चा कारखान्यातला कॅम या मापाने इनटेक १९५ आणि एक्झॉस्ट २०२ डिग्रीचा, लिफ्ट ०.३९० आणि ०.४१०. एडलब्रॉकचा परफॉर्मर कॅम २०४/२१४, कॉम्प कॅम्सचा एक्सई २६२एच २१८/२२४ आणि त्यांचाच एक्सई २६८एच २२४/२३०, लिफ्ट ०.४७७ आणि ०.४८०. रोजच्या रस्त्यावरच्या ३५० साठीची सगळी चर्चा खरं तर या चार पायऱ्यांमध्येच संपते. २३० च्या पुढे गेलात की गाडी वेगळं आयुष्य मागायला लागते.

एक्झॉस्टचं ड्यूरेशन जास्त का, तर जुन्या कास्ट आयर्न हेडचे एक्झॉस्ट पोर्ट अरुंद आणि वळणाचे, जळलेला गॅस बाहेर काढायला वेळ जास्त लागतो. चांगले हेड आणि हेडर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळी एक्झॉस्ट नळी, असतील तर हा फरक कमी चालतो.

लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या डिग्रीत. १०६ ते ११४ मध्ये बहुतेक सगळे कॅम येतात. हे अंतर कमी केलं की दोन्ही व्हॉल्व एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, वाढतो. एक्सई २६८एच चं जाहिरातीतलं ड्यूरेशन २६८ आणि २८०, सेपरेशन ११०, तर दोन्ही ड्यूरेशनची सरासरी २७४ मधून ११० ची दुप्पट वजा केली की ५४ डिग्री ओव्हरलॅप. तो धडधडता आवाज याच ५४ डिग्रीतून येतो, कारण आयडलला एक्झॉस्टमधला जळका गॅस उलटा आत शिरतो आणि मिश्रण नीट पेटत नाही. म्हणजे ज्या आवाजावर आपण जीव टाकतो तो खरं तर इंजिन नीट श्वास घेत नसल्याचा आवाज आहे, आणि वरच्या आरपीएमला हाच ओव्हरलॅप सिलिंडर साफ करायला मदत करतो. दोन्ही खरं आहे.

कंप्रेशन, जिथे सगळे फसतात

कॅमचे एवढे आकडे असले तरी मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा क्षण एकच, इनटेक व्हॉल्व बंद होतो तो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागतो तरी इनटेक उघडाच असतो, आणि तो बंद होईपर्यंत काही दाबलं जात नाही, उलट आत आलेलं मिश्रण थोडं परत मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं. वरच्या आरपीएमला हवेला वेग असतो म्हणून ती तरीही आत येत राहते, खालच्या आरपीएमला नाही.

३५० चा स्ट्रोक ३.४८ इंच, कनेक्टिंग रॉड ५.७ इंच. एक्सई २६८एच १०६ च्या सेंटरलाइनवर, म्हणजे पिस्टन माथ्यावरून निघाल्यावर क्रँकच्या १०६ डिग्रीला इनटेक लोबचं शिखर येईल असा, बसवला तर इनटेक, जाहिरातीतल्या मापाने, पिस्टन तळाला जाऊन गेल्यावर ६० डिग्रीनी बंद होतो. तिथून वर जायला पिस्टनला साधारण २.८१ इंचच उरतात. कंप्रेशन म्हणजे मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते, तर कागदावर ९.५ कंप्रेशन असलेलं इंजिन प्रत्यक्षात ७.९ च्या आसपास दाबतं आणि ८.५ वालं जेमतेम ७.१. आता आणखी मोठा कॅम घ्या, इनटेक ७० डिग्रीला बंद होणारा, की ८.५ वालं इंजिन ६.५ वर येतं. एवढ्या दाबावर खालचा टॉर्क कुठून येणार? रेस द्या, गाडी विचार करते, मग निघते.

आणि नेमकी हीच इंजिनं आज सगळ्यात जास्त मिळतात. १९७१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कंप्रेशन खाली आणलं. १९७० च्या कमॅरोचं आणि कॉर्व्हेटचं एलटी-१ नावाचं ३५० हे ११ कंप्रेशनचं होतं, कॉर्व्हेटमध्ये ३७० हॉर्सपॉवर सांगितलेलं. १९७५ च्या कॉर्व्हेटच्या साध्या ३५० वर आकडा होता १६५. यातला काही फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे, १९७२ पासून पंखा, एक्झॉस्ट सगळं लावून नेट पॉवर सांगायला लागले, पण बाकीचा फरक कंप्रेशन आणि मवाळ कॅमचा. अशा ८.५ च्या इंजिनात लोक जुन्या एलटी-१ सारखा कॅम टाकतात आणि मग कार्बोरेटरला शिव्या घालतात. पिस्टन बदलायचे नसतील, हेडचे चेंबर लहान करायचे नसतील तर ०.०५० वरच्या २०४ ते २१८ डिग्रीच्या मध्ये राहा, खरंच राहा.

उलटं पण होतं. १० च्या वर कंप्रेशन, लोखंडी हेड, साधं पेट्रोल आणि अगदी लहान कॅम, तर इंजिन नॉक करतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके देतं. तिथे इनटेक थोडा उशिरा बंद करणारा कॅमच वाचवतो. म्हणून कंप्रेशन आधी ठरवायचं, कॅम नंतर.

गाडीचं बाकी सगळं

इंजिनच्या आकारावर तोच कॅम वेगळा वागतो. २२४ डिग्रीचा कॅम ३०२ मध्ये बऱ्यापैकी तापट वाटेल, ३५० मध्ये मध्यम, आणि ४५४ मध्ये जवळपास कारखान्यातल्यासारखा शांत, कारण मोठ्या सिलिंडरला भरायला तेवढी हवाही जास्त लागते.

कारखान्याने सुद्धा हे सगळं जुळवूनच केलेलं. शेव्हरोलेचा इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्हने स्वतः आखलेला कॅम घालून जानेवारी १९५६ मध्ये डेटोना बीचवर कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या वर पळवली, तो डंटोव्ह कॅम पार्ट नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून ०९७ म्हणून ओळखतात. नंतरचा ३०-३० कॅम, म्हणजे दोन्ही व्हॉल्वचा टॅपेट गॅप (रॉकर आणि व्हॉल्वमधली फट) ०.०३० इंच, १९६४ च्या ३२७ मध्ये आणि मग १९६७ ते ६९ च्या कमॅरो झेड/२८ मध्ये आला. ०.०५० वर तो २५४ डिग्रीच्या आसपासचा, रस्त्यासाठी राक्षसी, पण झेड/२८ चं इंजिन ३ इंच स्ट्रोकचं ३०२, ११ कंप्रेशन, चार गिअरची मॅन्युअल पेटी, आणि सगळी गाडीच ट्रान्स-अॅम रेसिंगच्या ५ लिटर मर्यादेसाठी केलेली. तोच कॅम ऑटोमॅटिक गाडीत ८.५ च्या ३५० मध्ये घातला तर नाव तेवढं राहील.

मागच्या अॅक्सलचा रेशो बघायचाच. २६ इंची टायर आणि ओव्हरड्राइव्ह नसलेली पेटी असेल तर ३.०८ च्या गिअरवर ताशी ६० मैलांना इंजिन साधारण २४०० वर फिरतं, ४.१० वर जवळपास ३२०० वर. ज्याचा कॅम ३००० नंतर जागा होतो त्याने ३.०८ वर हायवेला जाऊ नये. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल, म्हणजे गाडी धरून ठेवली तरी इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा, कॅमच्या कामाच्या पट्ट्यापर्यंत पोचायला हवा, एक्सई २६८एच चा पट्टा कंपनी १६०० ते ५८०० सांगते तरी ३५० मध्ये त्याला २२०० ते २५०० चा कन्व्हर्टर दिला तर तो खुलतो, कारखान्यातल्या कन्व्हर्टरवर ड्राइव्हमध्ये टाकलं की आयडल बसायला लागतं.

आणि ब्रेक! हे कोणी आधी सांगत नाही. पॉवर ब्रेकचा बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो, साध्या इंजिनला १७-१८ इंच पारा मिळतो, मोठ्या ओव्हरलॅपला तो १०-१२ वर येतो आणि पेडल दगडासारखं होतं. व्हॅक्यूमची टाकी किंवा इलेक्ट्रिक पंप लावता येतो, पण पावणेदोन टनांची गाडी थांबवायची आहे हे कॅम निवडतानाच डोक्यात असलं पाहिजे. हॉली कार्बोरेटरचा पॉवर व्हॉल्व, म्हणजे व्हॅक्यूम पडला की जादा पेट्रोल सोडणारी झडप, पण त्याच हिशोबाने, गिअरमध्ये आयडलला जेवढा व्हॅक्यूम त्याच्या साधारण निम्म्याचा.

फ्लॅट की रोलर

मसल कारच्या काळात जवळपास सगळं फ्लॅट टॅपेटच होतं, म्हणजे चाक नसलेले लिफ्टर, तेलाच्या दाबाने फट स्वतः भरणारे हायड्रॉलिक किंवा भरीव सॉलिड. सॉलिडला फिलर गेज घेऊन अधूनमधून टॅपेट सेट करावे लागतात, बदल्यात वरच्या आरपीएमला ते हायड्रॉलिकसारखे तेलाने फुगून बसत नाहीत. फ्लॅट टॅपेटमध्ये लिफ्टर लोबवर घासत चालतो, लोब किंचित तिरका आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर ठेवलेला असतो म्हणजे लिफ्टर गोल फिरत राहतो. तो फिरायचा थांबला की लोब गेला. लिफ्टर जितका रुंद तितका लोब झपकन उचलता येतो, यात क्रायस्लरवाले नशीबवान, त्यांचा ०.९०४ इंच, फोर्डचा ०.८७४ आणि शेव्हीचा ०.८४२.

जुन्या तेलात झिंक-फॉस्फरस भरपूर असायचं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास नको म्हणून नव्या तेलांमध्ये ते कमी केलं, आणि तेव्हापासून नवे फ्लॅट कॅम पहिल्या अर्ध्या तासातच खलास झाल्याच्या कहाण्या वाढल्या. म्हणून बजेट असेल तर हायड्रॉलिक रोलर, म्हणजे लिफ्टरच्या तळाला चाक असलेला, घ्यावा. शेव्हीने तो १९८७ पासून स्मॉल ब्लॉकमध्ये दिला, जुन्या ब्लॉकला रेट्रोफिट लिफ्टर मिळतात, फक्त कॅम पुढे सरकू नये म्हणून थ्रस्ट बटण लागतं आणि बिलेट स्टीलचा कॅम असेल तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर त्याला चालणारा आहे ना हे विचारून घ्यायचं, नाहीतर गिअरचा भुगा तेलात.

बसवताना

स्प्रिंग कॅमबरोबर आलेल्या शिफारशीच्याच लावा. शेव्हीच्या जुन्या हेडमध्ये रॉकरचे स्टड नुसते ठोकून बसवलेले असतात, कडक स्प्रिंगने ते वर खेचले जातात, तिथे आटे पाडून स्क्रू-इन स्टड हवेत. रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) व्हॉल्व गाइडच्या सीलला टेकतो का ते बघा. पिस्टन आणि व्हॉल्वमध्ये इनटेकला किमान ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच मोकळी जागा हवी, पिस्टनवर मातीची लगदी ठेवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवलं की ठसा बघून कळतं. टायमिंग चेनच्या खुणा जुळल्या म्हणून कॅम बरोबर बसला असं धरू नका, डिग्री व्हील (क्रँकवर लावायची अंशांच्या खुणांची चकती) लावून इनटेकची सेंटरलाइन मोजा, कार्डवर १०६ असेल तर १०६ आली पाहिजे.

फ्लॅट टॅपेट असेल तर लिफ्टर नवेच, जुना लिफ्टर नव्या लोबवर कधीच नाही. लोब आणि लिफ्टरच्या तळाला असेंब्ली ल्युब चोपडायचं, डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवायचा म्हणजे रॉकरपर्यंत तेल चढतं. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच तयार, कारण स्टार्टर उगाच फिरवत बसलं की ल्युब पुसलं जातं. चालू झाल्याबरोबर २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि थोडं वरखाली करत २०-३० मिनिटं तिथेच ठेवायचं, आयडलला अजिबात सोडायचं नाही, कारण आयडलला लोबवर तेल सगळ्यात कमी उडतं आणि स्प्रिंगचा दाब सगळ्यात जास्त लागतो. काही गळायला लागलं तर सरळ बंद करा, दुरुस्त करा, परत चालू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा. मग तेल काढायचं, फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघायचा. थोडी राखाडी साय असेल तर ठीक, चमचमता चुरा दिसला तर व्हॉल्व कव्हर काढून कोणता रॉकर कमी उचलतोय ते शोधायला लागायचं.