युद्धात घर सुटलेल्या मुलांसाठी बडोद्यातून देणगी पाठवायची तर

गणपतीचा हिशेब मांडताना दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाकडे यंदा थोडी शिल्लक निघाली. युद्धामुळे घरदार सुटलेल्या मुलांना पाठवू, असं कोणीतरी सुचवलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खजिनदार मीच, त्यामुळे बँकेत आणि सीएकडे चपला माझ्याच झिजल्या. त्यातून कळलेलं असं.

किती पाठवायचे हे नंतर, कोणाच्या नावाने ते आधी ठरवा. परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी योजना आहे, बँकेत तिला एलआरएस म्हणतात, ती फक्त भारतात राहणाऱ्या व्यक्तीसाठी. मर्यादा आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. म्हणजे आपल्यासारख्यांना अडचण मर्यादेची नाही. ट्रस्ट, भागीदारी फर्म, हिंदू अविभक्त कुटुंब यांना ही वाट बंद. मंडळ चॅरिटी कमिशनरकडे नोंदलेलं असलं तरी बंदच. शिवाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला की त्या रकमेची करमाफी धोक्यात येते, प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मंजुरी लागते. आमच्या घटनेत तर ‘गणेशोत्सव, व्याख्याने व गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य’ एवढंच लिहिलंय. शिल्लक मंडळातच राहिली. ज्याला द्यायचेत त्याने आपल्या खात्यातून द्यावेत, असं ठरलं.

मग सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करून पाठवू, ही युक्ती निघालीच. करू नका. परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-टू नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यावर ‘ही रक्कम माझी स्वतःची आहे’ असं लिहून त्याखाली सही करावी लागते.

कागद फार नाहीत: पॅन (रक्कम कितीही लहान असो), भरलेला ए-टू फॉर्म, संस्थेचं पूर्ण नाव-पत्ता, तिचा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड (तिच्या बँकेची आंतरराष्ट्रीय ओळखखूण). संस्थेचं नोंदणीपत्र किंवा मदतीचं आवाहन छापून न्या, बँक मागू शकते. फॉर्मवर पर्पज कोडचा, म्हणजे पैसे कशासाठी जाताहेत त्याच्या क्रमांकाचा, रकाना असतो. मी तिथे एस १३०२ लिहिलं आणि काउंटरवरून फॉर्म परत आला. ते व्यक्तीला दिलेल्या भेटीसाठी. परदेशातल्या धर्मादाय संस्थेला देणगी असेल तर एस १३०३. एका आकड्यापायी दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग.

वर्षभरात बाहेर पाठवलेली रक्कम १० लाखांवर गेली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्नमध्ये वळता होतो. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सवलत नाही. ती हवी असेल तर भारतात मान्यता असलेल्या संस्थेला द्या, आणि पैसे नेमके कुठे खर्च होणार हे आधी विचारा. ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि २,००० रुपयांवर रोख दिलेत तर मिळत नाही.

बडोद्यात घरोघरी कोणी ना कोणी अमेरिकेत, म्हणून हेही सांगतो. मुलगा भारतीय पासपोर्टवर तिकडे असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत मंडळाला देत असेल, तर चालतं. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही तो कायद्याने परदेशी स्रोत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या मंडळाने त्याचा एक रुपयाही घेऊ नये. आमच्याकडे हे सांगितल्यावर एक काकू रागावल्याच: ‘माझा बाळ्या परका कधीपासून झाला?’

सभेत एका आजोबांनी वळिवड्याची आठवण काढली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत पोलंडची मुलं-माणसं राहिली होती, आणि इकडे जामनगरजवळ बालाचडीला १९४२पासून तिथले राजे जामसाहेब यांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. ‘तेव्हा कोणी ए-टू मागितला नव्हता,’ म्हणाले. खरंय. पण २०२४अखेर जगात १२ कोटींवर माणसं विस्थापित होती, त्यांत सुमारे ४० टक्के मुलं, आणि पैसे आता बँकेतूनच जातात.

शिक्का मारलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणि बँकेची स्विफ्ट पावती एकत्र टाचून ठेवा. जुलैत रिटर्न भरताना सीए हीच मागतो.