तरंगत्या वनस्पती माशांना ऑक्सिजन देतात का?

"टाकीत चार तरंगती झाडं सोडा, मग एअर पंप नको. झाडंच माशांना ऑक्सिजन देतात." अक्वेरियमच्या दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा सल्ला हमखास मिळतो. पावसाळ्यात गोव्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा पंपाशिवाय भागत असेल तर कोणाला नको आहे? पण हा सल्ला नुसता अपुरा नाही, उलटा आहे. पृष्ठभाग गच्च झाकणाऱ्या वनस्पतींमुळे पाण्यातला ऑक्सिजन वाढत नाही, घटतो. साळ नदीच्या ज्या पट्ट्यांत जलपर्णी माजते तिथेही हेच होतं.

तरीही घरच्या टाकीत या वनस्पती असाव्यात, असं मी ठामपणे म्हणेन. त्यांचं काम मात्र वेगळं आहे. ते कळलं की त्यांची निगा कशी राखायची हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो हे शाळेत शिकलेलं असतं. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीची खरी अडचण तिथेच आहे. वायूंचं विसरण (आपोआप पसरत जाणं) हवेत जितक्या वेगाने होतं, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश ते पाण्यात होतं. बुडालेल्या पानाभोवती स्थिर पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरातला कार्बन डायऑक्साइड पान झटकन वापरतं आणि पुढचा येईपर्यंत ताटकळतं. हौशी लोक टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडतात तो यासाठीच. तरंगत्या वनस्पतीचं पान हवेत असतं, पर्णरंध्रं वरच्या बाजूला असतात आणि हवेतला दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग कार्बन डायऑक्साइड तिला फुकट मिळतो. दिवाही डोक्यावरच असतो. म्हणजे कार्बन भरपूर, प्रकाश भरपूर. मग वाढ कशावर अडते? पाण्यातल्या नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि लोहावर. म्हणून ही झाडं मुळांवाटे पाण्यातलं पोषण अक्षरशः ओरबाडून घेतात.

त्यातही अमोनियमवर, म्हणजे पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग ज्या रूपात असतो त्यावर, त्यांचा जीव. टाकीतले जिवाणू अमोनियापासून जे नायट्रेट बनवतात ते घेतलं तर पेशीत वापरण्याआधी ते परत अमोनियममध्ये बदलावं लागतं आणि प्रत्येक रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन खर्ची पडतात. अमोनियम तयार मिळालं तर तो खर्च वाचतो. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया हे टाकीतलं सगळ्यात घातक विष, आणि नेमकं तेच या झाडांना सगळ्यात स्वस्त पडतं.

आता ऑक्सिजन. जी रंध्रं कार्बन डायऑक्साइड आत घेतात, तीच ऑक्सिजन बाहेर सोडतात, पण हवेत. मुळांतून थोडा पाण्यात झिरपतो, त्यावर मासे जगत नाहीत. ३० अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात हवेशी समतोल झाल्यावर लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तोही पृष्ठभागातून येतो आणि तो पृष्ठभागच झाकला तर वाट बंद. रात्री मासे, जिवाणू आणि बुडालेली मुळं तिन्ही ऑक्सिजन वापरत असतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर वनस्पती निम्म्याने कमी करा. निम्म्याहून अधिक पृष्ठभाग कधीच झाकू द्यायचा नाही, आणि एप्रिल-मेमध्ये एक तृतीयांशच.

पानाची सगळी मिजास हवेवर आहे, म्हणजे त्याची वरची बाजू कोरडी राहिली पाहिजे. रंध्रावर पाण्याचा पडदा आला की तोच दहा हजारपट संथ कारभार पुन्हा सुरू. पान भुकेजतं, पिवळं पडतं, कुजतं. या अडचणीवर साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीने काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मोलेस्टा जातीचं एक पान खिडकीपाशी धरा. पानावर दाट लव दिसेल. एकेका देठावर चार केस उगवतात, बाहेर फुगून वर टोकाशी पुन्हा एकत्र येतात, ताक घुसळायच्या रवीसारखे. सगळ्या केसांवर मेणाचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यामुळे पाणी त्यांना चिकटत नाही. थेंब टाकला तर गोळी होऊन वरच बसतो. इथवर अळूच्या किंवा कमळाच्या पानाचीच गोष्ट.

पुढची गंमत निराळी. चारही केस जिथे जुळतात त्या टोकावरच्या चार पेशी मृत असतात आणि त्यांच्यावर मेण नसतं. ती टोकं पाण्याला धरून ठेवतात. पाणी दूर ठेवणाऱ्या पानाने पाणी धरणारी टोकं कशाला राखावीत? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचं उत्तर दिलं. पान बुडालं की केसांच्या मध्ये हवेचा थर अडकतो. वाहत्या पाण्यात दाब कमी-जास्त होतो. दाब घटला की हवा फुगते, पाण्याचा पृष्ठभाग केसांपासून सुटू पाहतो, आणि तो सुटला की हवेचा बुडबुडा निसटून जातो. पण टोकांनी पाणी जागोजागी टाचून ठेवलेलं असतं. पृष्ठभाग सोडवायचा तर तो एकेका टोकावरून ओढून काढावा लागतो आणि त्याला ऊर्जा लागते. मेण पाण्याला आत येऊ देत नाही, टोकं त्याला दूर जाऊ देत नाहीत, आणि मधली हवा दिवसेंदिवस टिकते. जहाजाच्या बुडाला असा थर देऊन पाण्याचं घर्षण कमी करता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

या लवेचा शत्रू तेल. मेणाला तेल लगेच भिजवतं. माशांच्या स्निग्ध खाद्याचा तवंग पाण्यावर साचला तर तो पानावर चढतो आणि कोरडेपणा संपतो. तवंग दिसला की साधा टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून उचला आणि खाद्य कमी करा. भांड्यांच्या साबणाचा हात टाकीत घालू नका, तेही याच कारणाने.

फ्रॉगबिट आणि रेड रूट फ्लोटर या तरंगत्या वनस्पतींकडे अशी रवी नाही, त्यामुळे त्यांना जास्त जपावं लागतं. (रेड रूट फ्लोटर आपल्या आवळ्याच्याच प्रजातीतली आहे, फक्त तिने दक्षिण अमेरिकेतल्या पाण्यावर संसार थाटला.) जुलैत गोव्याच्या दमट हवेत बंद काचेच्या झाकणाखाली थेंब जमतात, दिवसभर पानांवर टपकतात, आणि दहा दिवसांत पानं मऊ होऊन तपकिरी पडतात. लोक त्याला रोग समजून औषध ओततात. उपाय साधा आहे: काचेच्या झाकणाऐवजी नायलॉनची जाळी लावा आणि पाण्याची पातळी काठापासून ४–५ सेंटिमीटर खाली ठेवा.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी धरली तर रेती वगळून त्यात सुमारे ६० लिटर पाणी राहतं. तिला एअर पंपाच्या हवेवर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो. काठावर टांगायच्या फिल्टरचा धबधबा झाडांना बुडवतो, म्हणून तो टाळावा. स्पंज फिल्टरचे बुडबुडे फुटतानाही तुषार उडतातच, तेव्हा तिथे झाडं जाऊ नयेत यासाठी कडं करा. एअर पंपाची ६३ सेंटिमीटर नळी कापून दोन्ही टोकं जॉइनरने जोडली की सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचं कडं होतं. आत हवा असल्याने ते तरंगतं. सक्शन कपने ते फिल्टरच्या वर अडकवा. आतलं पाणी मोकळं राहतं, हवा खेळते, खाद्यही तिथेच टाकता येतं. एलईडी पृष्ठभागापासून १५ ते २० सेंटिमीटर वर, रोज आठ तास. पावसाळ्यात खिडकीच्या उजेडावर विसंबू नका.

नवीन रोपं आधी आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. त्यांच्याबरोबर गोगलगायींची अंडी येतात, चतुराच्या अळ्या येतात, आणि चतुराची अळी लहान मासे खाते. बादलीवर जाळी बांधाच, कारण आठवडाभर साठलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरेसं असतं. बाहेरच्या उन्हात वाढलेल्या रोपांची जुनी पानं घरात आल्यावर झडतात, नवी जरा लहान येतात. त्यात काही बिघडलेलं नाही. झडलेली पानं मात्र रोज काढा, कुजली की घेतलेला सगळा अमोनिया परत पाण्यात येतो.

पानं फिकी पडण्याबद्दल एक विलक्षण गोष्ट सांगायलाच हवी. गोव्याची माती लोहाने लाल आहे, तरी इथल्या टाकीत झाडाला लोह कमी पडतं. जांभ्या दगडातलं लोह ऑक्साइडच्या रूपात असतं, ते पाण्यात विरघळत नाही. विहिरीच्या पाण्यात थोडं विरघळून आलं तरी हवा लागताच गंजून तळाशी बसतं. नवी पानं पिवळट आणि जुनी हिरवी असतील तर लोह कमी आहे असं समजा. शेतीच्या दुकानात १२ टक्के लोहाचं चिलेटेड आयर्न, म्हणजे पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह, मिळतं. ५ ग्रॅम भुकटी ५०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि काळ्या बाटलीत ठेवा, कारण उजेडाने ते बिघडतं. ६० लिटरला आठवड्याला ५ मिलिलिटर घातलं की लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम लोह मिळतं. उलट जुनी पानं कडेने पिवळी पडून त्यांना भोकं पडत असतील तर पोटॅशियम हवं. ०:०:५० नावाने मिळणारं सल्फेट ऑफ पोटॅश आठवड्याला पाऊण ग्रॅम द्या. १९:१९:१९ हे मिश्र खत किंवा युरिया चुकूनही घालू नका. त्यांतला बराच नायट्रोजन अमोनियाच्या रूपात येतो किंवा पाण्यात त्याचा अमोनिया होतो, आणि मासे मरतात.

नवी पानं पिळवटलेली येत असतील तर कॅल्शियम तपासा. जांभ्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून मूठभर फिल्टरजवळ ठेवल्या तर आम्ल पाण्यात त्या हळूहळू विरघळतात. त्यांनी पीएच चढतो हे मात्र ध्यानात ठेवा. ३० अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला सात टक्क्यांच्या आसपास. टाकीत आधीच अमोनिया असेल तर शिंपल्या नंतर. माशांच्या आजारावर खडे मीठ घालायचं असेल तर झाडं आधी बाहेर काढा. लिटरमागे तीन-चार ग्रॅम मिठाने साल्व्हिनियाची वाढ मंदावते. नळाचं पाणी क्लोरीन उडण्यासाठी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मगच वापरा.

झाडं टाकीतून बाहेर काढली तरच टाकी स्वच्छ होते. हिशोब करू. ताज्या वनस्पतीत अंदाजे ९५ टक्के पाणी. १०० ग्रॅम काढली तर ५ ग्रॅम कोरडा भाग, त्यात साधारण ३ टक्के, म्हणजे १५० मिलिग्रॅम नायट्रोजन. नायट्रेटच्या भाषेत ६६४ मिलिग्रॅम, ६० लिटरमध्ये लिटरमागे ११ मिलिग्रॅम. दुसऱ्या बाजूने पाहा. ४० टक्के प्रथिनांच्या एक ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. आठवड्याला दोन ग्रॅम खाद्य टाकत असाल आणि शंभर ग्रॅम वनस्पती काढत असाल तर गणित जुळतं. तरी आठवड्याला पाव टाकी पाणी बदलाच, कारण झाडांनी न घेतलेलं बाकीचं साचत जातं. अझोला या कामाला बरी नाही. तिच्या पानांत राहणारे निळे-हिरवे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, म्हणून भातशेतीत ती खत आहे, पण टाकीतला नायट्रोजन उपसण्याची तिला फारशी गरज नसते. डकवीड ही इवल्या पानांची तरंगती वनस्पती काम चोख करते, पण एकदा आली की जात नाही.

"मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं" असं अजूनही शिकल्यासवरल्या घरांत बोललं जातं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात नवा मासा सोडला जातो. मासा संकटाने मरत नाही. नवीन टाकीत बहुतेक वेळा तो अमोनियाने मरतो, आणि त्याची तपासणी थेंबाच्या किटने पाच मिनिटांत होते. टाकी ईशान्येला ठेवा की नैर्ऋत्येला, किटचा रंग बदलत नाही.

काढलेली झाडं कुठे टाकायची हा प्रश्न गोव्यासारख्या पाणथळ प्रदेशात सगळ्यात मोठा आहे. मोलेस्टा मूळची ब्राझीलची, बिया-बीजाणूंनी वाढत नाही, पण खोडाचा एक तुकडा पुरतो. १९३९ मध्ये ती श्रीलंकेत आली, पुढे केरळातली भातशेतं आणि कालवे तिने भरून टाकले. म्हणून टोकाशी जुळलेले केस भिंगातून दिसले की ती जात मोलेस्टाच्या गटातली आहे हे ओळखा आणि तिचा तुकडाही बाहेर जाऊ देऊ नका. व्हाळ, तळं, विहीर, गटार, खाजन, कुठेही नाही. गच्चीवर कडक उन्हात पसरून पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवा आणि मग माडाच्या मुळाशी घाला. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, तेव्हा काळ्या पिशवीत घट्ट बांधून पुरतं कुजेपर्यंत ठेवा. टाकीतून बदललेलं पाणी बारीक चाळणीने गाळून माडाच्या आळ्यात ओता. त्यातलं नायट्रेट माडाला चालतं.