आईविना पोर म्हणजे आयुष्यभर अधुरीच? खुलासा

"आई नाही ना तिला, मग वळण कोण लावणार" हे इतक्यांदा बोललं गेलंय की लोकांना ते सायन्सच वाटतं, आणि कोणी वाद घातला की आई-बाळाच्या नात्यावर काम केलेल्या जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाचं नाव पुढे करतात. पण बोल्बीने १९५१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रिपोर्टमध्ये बाळाला "आई किंवा कायम तिच्या जागी असलेली व्यक्ती" हवी, असंच म्हटलंय, हा दुसरा भाग सगळे सोयीस्कर गाळतात! नंतर १९६४ मध्ये ग्लासगोच्या ६० बाळांच्या अभ्यासात दिसलं की दीड वर्षापर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागलेला असतो.

म्हणजे आईची उणीव नसतेच असं नाही हं, ती असतेच. पण ती भरायला एकच बाई लागते आणि म्हणून बापाने लगेच दुसरं लग्न करावं, हे काही पटत नाही.

पाळी पहिल्यांदा आली की पोरगी बाथरूमची कडी लावून बसते, बाहेर यायला तयार नाही, तेव्हा आत्या दारातून नुसतं पॅड सरकवते आणि "सावकाश ये गं" म्हणते, तेवढ्यानेच निम्मी भीती जाते. मावशीचं काम वेगळं. आईला कुठले आजार होते, घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर झाला होता का, हे डॉक्टर विचारतात आणि बऱ्याचदा ते बापाला माहीतच नसतं, मावशीला असतं. त्यामुळे आजोळच्या लोकांशी भांडण असलं तरी मुलीचं त्यांच्याशी फोनवर बोलणं तोडू नका.