पेशंट घरात आणि दारात बंब? अमेरिकेत ९११ ला फोन केल्यावर फायर इंजिन आणि अँब्युलन्स दोन्ही का येतात

मागच्या मे महिन्यात सासरे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले, नवरा ऑफिसला गेलेला, मी ९११ ला फोन लावला आणि पाचेक मिनिटांत दारासमोर सायरन वाजला. आई (सासूबाई) खिडकीशी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, अगं बंब आलाय, तू आग लागली म्हणून सांगितलंस का त्यांना? तेवढ्यात चौघंजण बॅगा घेऊन आत आले सुद्धा, एकजण बाबांच्या शेजारी फरशीवरच बसला, नाडी बघितली, बीपी घेतलं, छातीला ईसीजीच्या वायरी चिकटवल्या, शुगर चेक केली. अँब्युलन्स आली त्यानंतर सहा-सात मिनिटांनी. बाबांना काही गंभीर निघालं नाही, ते ठणठणीत होऊन साताऱ्याला परतले, पण आईंनी विचारलेला प्रश्न मला त्यानंतर इथल्या कितीतरी मराठी लोकांनी विचारलाय आणि काहींच्या घरी तर आई-बाबा "एवढा गाजावाजा नको" म्हणून फोनच करू देत नाहीत. म्हणून हे जरा नीट लिहिते.

आपल्या डोक्यात हिशोब पक्का बसलेला असतो. आग लागली तर १०१, माणूस आजारी तर १०८. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि त्या गाडीत डॉक्टर असतो, म्हणजे एक गाडी आली की उपचार आणि हॉस्पिटलला नेणं दोन्ही त्यातच आलं. अमेरिकेत अँब्युलन्समध्ये सहसा डॉक्टर नसतोच. असतात ते ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) किंवा पॅरामेडिक, आणि हे दोन शब्दही लोक सर्रास एकच समजतात. ईएमटीचं ट्रेनिंग साधारण दीडशे ते दोनशे तासांचं, त्यात ऑक्सिजन, सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं), एईडी मशीनने हृदयाला शॉक देणं, रक्तस्राव थांबवणं एवढं बसतं. पॅरामेडिकचं हजार तासांच्या वर जातं, तो शिरेतून औषध देतो, ईसीजी वाचतो, श्वासनलिकेत नळी घालतो. आणि खरी गंमत पुढे आहे: बंबातून उतरलेले जे चौघे होते तेही हेच असतात. इथे फायरफायटर बहुतेक ठिकाणी किमान ईएमटी असतोच, आणि आमच्या कॅलिफोर्नियात बऱ्याच गावांत प्रत्येक इंजिनवर निदान एक पॅरामेडिक असतो. आईंना वाटलं पाण्याचे पाइप घेऊन माणसं आली, प्रत्यक्षात बाबांना पहिलं मेडिकल माणूस त्या बंबातूनच मिळालं.

मग फरक काय? फायर इंजिनात माणसं तीन-चार, औषधांच्या बॅगा, ऑक्सिजन, शॉकचं मशीन, पण पेशंटला झोपवायला जागा नाही, त्यामुळे ते कुणालाही हॉस्पिटलला नेऊ शकत नाही. अँब्युलन्समध्ये स्ट्रेचर आहे, न्यायची सोय आहे, पण माणसं दोनच, आणि निघाल्यावर त्यातला एक गाडी चालवणार. बंब येतो तो लवकर पोचायला आणि हाताला हात द्यायला, अँब्युलन्स येते न्यायला.

लवकर का पोचतो, तर फायर स्टेशनं गावभर अशा अंतरांवर बांधलेली असतात की आग लागली तर पहिलं इंजिन निघाल्यापासून चार मिनिटांत पोचावं, निदान शहरी भागासाठी राष्ट्रीय मानक तसं आहे. अँब्युलन्स संख्येने कमी, आणि एक पेशंट सोडला की इमर्जन्सी रूममध्ये बेड मिळून तो नर्सच्या ताब्यात जाईपर्यंत ती तिथेच अडकते, कधीकधी तासभर. बंब मात्र कुणालाच सोडायला जात नाही, त्यामुळे तो आपल्या भागात बरेचदा मोकळा सापडतो. आणि हृदय बंद पडलं असेल तर सीपीआर आणि शॉकशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, म्हणजे मधली पाच-सहा मिनिटं ही नुसती वाट बघण्याची मिनिटं नसतात.

हातांचं म्हणाल तर सीपीआर एकदा स्वतः करून बघा (डमीवर, क्लासमध्ये, आणि खरंच करा, आम्ही दोघांनी नंतर केला). मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती निदान पाच सेंटिमीटर खाली दाबायची, दोन मिनिटांत माणूस घामाघूम होतो आणि जोर कमी पडायला लागतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. एकजण दाबतोय, दुसरा मास्कमधून श्वास देतोय, तिसरा शॉकचं मशीन बघतोय, चौथा सुई लावतोय, पाचवा घरच्यांना विचारतोय की यांना आधीचं काय दुखणं आहे, कुठली औषधं चालू आहेत. दोन माणसांत हे होणं शक्य नाही. आणि हार्टचं नसलं तरी ऐंशी-नव्वद किलोचा माणूस वरच्या मजल्याच्या अरुंद जिन्यावरून खाली आणायचा तर चौघं लागतातच. पेशंट फारच गंभीर असेल तर इंजिनवरचा एकजण अँब्युलन्समध्ये मागे बसून जातो आणि बंब मागोमाग हॉस्पिटलला जातो, तो का जातोय असं वाटतं ना, तर आपला माणूस परत आणायला.

लोक म्हणतात मग एवढं मोठं धूड कशाला, छोटी गाडी पाठवा. काही गावं पाठवतात सुद्धा. पण ते चौघं बाबांपाशी असताना दोन गल्ल्या सोडून खरंच आग लागली तर त्यांना तिथूनच थेट निघावं लागतं, स्टेशनवर जाऊन गाडी बदलून नाही. त्यामुळे टीम जिथे तिथे तिची गाडी. कधी लांबलचक शिडीवाली गाडी येते तिचं कारणही एवढंच, की त्या वेळी तीच टीम सगळ्यात जवळ होती.

हे असं जुळून आलं त्यालाही इतिहास आहे. १९६० च्या दशकापर्यंत अमेरिकेत कितीतरी गावांत अँब्युलन्स चालवायचे ते अंत्यसंस्कार करणारे लोक, कारण माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची, शववाहिका. उपचार वगैरे काही नाही, नुसतं उचलायचं आणि पळवायचं. १९६६ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसचा अहवाल आला, अपघातात माणसं कशी हकनाक मरतायत ते त्यात स्पष्ट मांडलं आणि मग चक्रं फिरली. पिट्सबर्गला १९६७ मध्ये फ्रीडम हाउस अँब्युलन्स सुरू झाली, तिथे डॉ. पीटर सफार यांनी गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना तयार केलं, ते या देशातले अगदी सुरुवातीचे पॅरामेडिक, आणि त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९७० मध्ये सिएटलला डॉ. लेनर्ड कॉब यांनी फायर डिपार्टमेंटला सोबत घेऊन मेडिक वन ही पॅरामेडिक सेवा उभी केली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने पॅरामेडिकना परवानगी देणारा कायदा केला. फायर डिपार्टमेंटच का, तर त्यांच्याकडे चोवीस तास जागी माणसं, गावभर स्टेशनं आणि रेडिओ हे सगळं आधीच होतं. आता तर देशभरात फायर डिपार्टमेंटला येणाऱ्या कॉलपैकी जवळपास दोन तृतीयांश मेडिकल असतात, प्रत्यक्ष आगीचे चार-पाच टक्के.

पण सगळीकडे असंच दिसेल असं नाही हं. न्यू जर्सीत बऱ्याच गावांत आधी पोलीस येतो, मग गावातली अँब्युलन्स आणि पॅरामेडिक हॉस्पिटलकडून वेगळ्या गाडीने येतात, तिथले आई-बाबा "पोलीस कशाला बोलावले" म्हणून घाबरतात, तोच प्रकार. शिवाय प्रत्येक फोनला बंब येतोच असंही नाही. ९११ वाला जे प्रश्न विचारतो, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चालू आहे का, त्यावरून किती माणसं पाठवायची ते ठरतं. कित्येक जण चिडतात की प्रश्न काय विचारत बसलात, गाडी पाठवा. बहुतेक वेळा गाडी निघालेली असते, बोलणारा तुमच्याशी बोलत राहतो कारण सीपीआर कसा द्यायचा तेही तो फोनवरच सांगतो.

आता बिलाचं, कारण खरी भीती तीच असते. बंब आला म्हणून बिल दुप्पट होत नाही. मोठं बिल असतं ते अँब्युलन्सने नेल्याचं, ते येतंच, आणि अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा जो कायदा २०२२ पासून लागू झाला त्यात विमानाची अँब्युलन्स आहे, रस्त्यावरची नाही. काही गावं इंजिनसाठी वेगळी फी लावतात, तुमच्या गावाचं काय ते आई-बाबा यायच्या आधीच वेबसाइटवर बघून ठेवा आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये अँब्युलन्स किती रकमेपर्यंत आहे तेही. शुद्धीवर असलेला मोठा माणूस तपासून झाल्यावर "मला नाही जायचं" म्हणून सही करू शकतो, तो त्याचा हक्क आहे, पण छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, बोलणं अडखळत असेल तर कृपा करून पैशाचा विचार नंतर करा.

आणि एक गोष्ट आम्ही त्या दिवशी धडपडत शिकलो. पॅरामेडिकने बाबांच्या गोळ्या विचारल्या, मी पाकिटं पुढे केली, त्याला टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन ही नावं कळेनात, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचण्यात वेळ गेला. इथे मूळ औषधाचं नाव लागतं, म्हणजे टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अ‍ॅस्पिरिन, आणि आपलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून ओळखतात. आता आमच्या फ्रिजवर तसा कागद लावलाय, खाली डोस, ॲलर्जी आणि कुठलं ऑपरेशन कधी झालं ते, इंग्रजीत. आई एकट्या असल्या तर म्हणून त्यांना तीन गोष्टी शिकवल्यात: फोन लागला की आधी पत्ता सांगायचा, मग "हिंदी" एवढाच शब्द म्हणायचा म्हणजे ते दुभाष्या लाइनवर घेतात, आणि बाहेर लाल गाडी दिसली की पुढचं दार सताड उघडायचं.