एक नाव, दोन स्पर्धा: २००४–०५ आणि २००५–०६ चा पॉवरजेन कप

इंग्लंडच्या रग्बी युनियनमधील (पंधरा खेळाडूंच्या रग्बीतील) क्लब चषकाच्या विजेत्यांची यादी वाचताना २००५ साली लीड्स टाइक्स आणि २००६ साली लंडन वॉस्प्स ही नावे लागोपाठ येतात. दोन्ही वर्षी स्पर्धेचे नाव पॉवरजेन कप होते, पुरस्कर्ती वीज कंपनी तीच होती आणि अंतिम सामनाही ट्विकनहॅमच्याच मैदानावर झाला. त्यामुळे हे एकाच स्पर्धेचे दोन हंगाम आहेत असा कोणाचाही समज होईल, आणि अनेक याद्यांमध्ये ते तसेच मांडलेले दिसतात. प्रत्यक्षात या दोन हंगामांच्या मध्ये एक स्पर्धा संपली आणि दुसरी सुरू झाली.

२००४–०५ चा पॉवरजेन कप हा इंग्लंडच्या रग्बी फुटबॉल युनियनने १९७१–७२ मध्ये सुरू केलेल्या बाद पद्धतीच्या चषकाचा अखेरचा हंगाम होता. १९७२ च्या पहिल्या अंतिम सामन्यात ग्लॉस्टरने मोझलीला १७–६ असे हरवले. पुढे पुरस्कर्ते बदलत गेले, तसे नावही बदलले. आधी जॉन प्लेअर कप, १९८८–८९ पासून पिल्किंग्टन कप, मग टेटलीज बिटर कप आणि २०००–०१ पासून पॉवरजेन कप. नाव कोणतेही असले तरी रचना एकच राहिली. हरला तो बाहेर, आणि खालच्या विभागांतील क्लबांनाही प्रवेश. प्रमुख विभागातील क्लब उशिराच्या फेऱ्यांत उतरत असत, पण उतरल्यावर त्यांच्यासमोर कोण येईल हे चिठ्ठीवर ठरे.

या चिठ्ठीमुळेच त्या चषकाला त्याचे वजन होते. बाथने १९८४ ते १९९६ या काळात तो दहा वेळा जिंकला आणि त्या काळात गाठलेला एकही अंतिम सामना गमावला नाही. पण याच बाथला १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये खालच्या विभागातील वॉटर्लू या क्लबने ९–८ असे स्पर्धेबाहेर घालवले. त्याहून ठसठशीत उदाहरण २००३–०४ चे आहे. दुसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या आणि तेव्हा पर्टेम्प्स बीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बर्मिंगहॅम अँड सोलिहल संघाने वॉस्प्सला हरवले. त्याच हंगामात वॉस्प्सने इंग्लंडचे विजेतेपद आणि युरोपचा हाइनकेन कप असे दोन्ही मान मिळवले. युरोपात अव्वल ठरलेला संघ देशातल्या दुय्यम विभागातील क्लबकडून हरू शकतो, ही शक्यता खेळाच्या चौकटीतच असणे मला फार मोलाचे वाटते. साखळी स्पर्धेत असा एखादा पराभव पुढे भरून निघतो, बाद फेरीत तो निकाल अखेरचा असतो.

२००४–०५ चा शेवटही त्या परंपरेला साजेसा झाला. लीड्स टाइक्स प्रमुख विभागातच होते, पण त्या वसंतात ते गुणतक्त्याच्या तळाशी होते आणि त्यांच्यावर पदावनतीची टांगती तलवार होती. उपांत्य फेरीत त्यांनी लंडन आयरिशला मागे टाकले आणि १६ एप्रिल २००५ रोजी ट्विकनहॅमवर बाथला २०–१२ असे नमवले. फिल डेव्हिस यांच्या मार्गदर्शनाखालील या संघाला त्या विजयामुळे पुढच्या हंगामाच्या हाइनकेन कपमध्ये जागा मिळाली. लीगच्या क्रमवारीतून ही जागा त्यांच्या हाती येणे अवघड होते. लीड्सने नंतर प्रमुख विभागातील स्थानही राखले, आणि खाली गेले ते हार्लेक्विन्स. हा तपशील पुढे उपयोगी पडेल.

२००५–०६ मध्ये त्याच नावाने जी स्पर्धा भरली तिची मांडणी सर्वस्वी वेगळी होती. इंग्लंडच्या प्रमुख विभागातील बारा क्लब आणि वेल्सचे चार प्रादेशिक संघ, म्हणजे कार्डिफ ब्लूज, लानेली स्कार्लेट्स, न्यूपोर्ट ग्वेंट ड्रॅगन्स आणि ऑस्प्रीज, एवढ्या सोळा संघांपुरती ती मर्यादित होती. चार गट पाडण्यात आले आणि प्रत्येक गटात तीन इंग्लिश व एक वेल्श संघ ठेवण्यात आला. प्रत्येक संघाला गटात तीन सामने मिळाले आणि केवळ गटविजेते उपांत्य फेरीत गेले. चिठ्ठीच्या बाद फेऱ्यांची जागा गुणतक्त्याने घेतली. पहिला सामना हरलेल्या संघालाही आणखी दोन सामन्यांची हमी होती, ही गोष्ट जुन्या चषकात कल्पनेतही बसली नसती.

हा बदल का झाला हे समजण्यासाठी वेल्सकडे पाहावे लागते. सेव्हर्न नदीच्या दोन्ही तीरांवरच्या, म्हणजे इंग्लंड आणि वेल्सच्या, क्लबांमधील मैत्रीपूर्ण सामन्यांची परंपरा जुनी होती, आणि लीग रचना घट्ट झाल्यावर ती मागे पडली होती. १९९८–९९ मध्ये कार्डिफ आणि स्वॉन्झी यांनी वेल्सच्या लीगबाहेर राहून इंग्लिश क्लबांशी सामने खेळले, यावरून ती ओढ किती होती हे कळते. २००३ मध्ये वेल्सने व्यावसायिक खेळासाठी प्रादेशिक संघ उभे केले, आणि २००४ मध्ये सेल्टिक वॉरियर्स बंद झाल्यावर ते चार उरले. या चौघांना इंग्लिश संघांशी नियमित सामने हवे होते आणि इंग्लिश क्लबांना हमखास गर्दीचे सामने हवे होते. आयर्लंड आणि स्कॉटलंड यांना मात्र हा व्यवहार रुचला नाही, कारण वेल्श संघ त्यांच्यासोबत सेल्टिक लीगही खेळत होते. २००५ च्या उन्हाळ्यात त्यावरून बराच वाद झाला.

स्पर्धा म्हणून नवा चषक कमी दर्जाचा होता असे मी म्हणणार नाही. ४ मार्च २००६ रोजी कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर दोन्ही उपांत्य सामने एकाच दिवशी झाले. वॉस्प्सने लेस्टरला २२–१७ असे हरवले, तर लानेलीने बाथवर २७–२६ अशी एका गुणाने मात केली. ९ एप्रिलच्या अंतिम सामन्यात वॉस्प्सने लानेलीला २६–१० असे पराभूत केले. खेळ चुरशीचा होता आणि सीमेपलीकडच्या स्पर्धेला वेगळी धारही होती.

माझा आक्षेप प्रवेशाच्या दाराबद्दल आहे. प्रमुख विभागाबाहेरच्या इंग्लिश क्लबांसाठी नॅशनल ट्रॉफी नावाची स्वतंत्र स्पर्धा ठेवण्यात आली, आणि तिचा २००५–०६ चा विजेता संघ होता हार्लेक्विन्स. १९८८ आणि १९९१ मध्ये देशाचा चषक जिंकलेला हा क्लब केवळ एका विभागाने खाली गेल्यामुळे मुख्य चषकाला मुकला. जुन्या रचनेत तो आणि त्याच्यासारखे डझनावारी क्लब पहिल्या दर्जाच्या संघांसमोर उभे राहू शकले असते. वॉटर्लू किंवा बर्मिंगहॅमसारखा निकाल लागण्याची वाटच २००५ मध्ये बंद झाली, आणि नाव तेच राहिल्याने ती बंद झाल्याचे अनेकांच्या लक्षातही आले नाही.

नोंदी वाचताना आणखी एक घोटाळा टाळावा. तेरा खेळाडूंच्या रग्बी लीगचा चॅलेंज कपही त्या काळात पॉवरजेनच्याच नावाने खेळला जात होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अंतिम सामन्यात हल एफसीने लीड्स ऱ्हायनोजला २५–२४ असे हरवले. लीड्सचे हे दोन्ही संघ हेडिंग्ली येथेच खेळत, म्हणून ‘लीड्स, पॉवरजेन, २००५’ एवढ्यावर विसंबून निकाल शोधल्यास चुकीचा सामना हाती लागण्याचा संभव आहे.

२००५–०६ मध्ये सुरू झालेला हा अँग्लो-वेल्श (इंग्लिश-वेल्श) चषक पुढे ईडीएफ एनर्जी कप, एलव्ही कप अशा नावांनी २०१७–१८ पर्यंत टिकला. वेल्श संघ बाहेर पडल्यावर २०१८–१९ पासून त्याची जागा प्रीमियरशिप रग्बी कपने घेतली, आणि २०२३–२४ मध्ये दुसऱ्या स्तरावरील चॅम्पियनशिपच्या क्लबांना त्यात प्रवेश मिळाला. गटसाखळी मात्र तेव्हाही कायम राहिली, त्यामुळे १९७१–७२ च्या चषकाचे ते पुनरुज्जीवन म्हणता येत नाही.