‘रासायनिक असंतुलन’ : गोळ्यांमागून आलेला शब्द

नैराश्यावरच्या गोळ्यांचा विषय निघाला की ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडते, गोळी ते भरून काढते’ हे वाक्य हमखास कानावर येते. सेरोटोनिन म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारे एक रसायन. त्याच्या या कमतरतेलाच ‘रासायनिक असंतुलन’ म्हटले जाते. 2022 मध्ये या विषयावरच्या आधीच्या आढाव्यांचा एक मोठा आढावा निघाला. नैराश्यात सेरोटोनिन कमी असते याचा सुसंगत पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावरून मग चांगलीच जुंपली. या वादाची मुळे शोधायची तर सुरुवात गोळ्यांपासून करावी लागते. त्या आधी आल्या, सिद्धान्त मागाहून.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. 1921 मध्ये चेता उत्तेजित करून बेडकाचे हृदय मंदावले, त्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले आणि तेही मंदावले. चेतापेशी रसायन सोडून निरोप पोचवतात, हे त्यातून दिसले. मेंदूत मात्र निरोप विजेनेच जातात, असा आग्रह धरणारे 1950 च्या आसपासपर्यंत होते.

औषधांची खरी गर्दी झाली ती पुढच्या दहा वर्षांत, आणि तीही बहुतेक अपघाताने. शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी अजमावलेले क्लोरप्रोमाझिन 1952 मध्ये पॅरिसमधल्या मनोरुग्णांना दिले गेले. क्षयावरच्या इप्रोनियाझिडने रुग्ण उल्हसित होताना दिसले. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोन निरोप्या रसायनांना मोडणाऱ्या एन्झाइमला ते अडवते, हेही उमगले. स्किझोफ्रेनियासाठी तपासलेले इमिप्रामिन तिथे फसले, पण खिन्न रुग्णांना लागू पडले. सर्पगंधेचा मनोविकारांवरचा वापर कलकत्त्याच्या दोन संशोधकांनी 1931 मध्येच नोंदवला होता. तिच्यातले रेसर्पिन 1952 मध्ये वेगळे काढले गेले. ते मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा करते, हे तीन वर्षांत कळले; आणि रक्तदाबासाठी ते घेणारे काही जण खिन्न होतात, अशा नोंदी येऊ लागल्या.

एक औषध रसायन वाढवते, माणूस खुलतो. दुसरे घटवते, माणूस खचतो. इतके सोपे गणित हाती आल्यावर ते कोण सोडणार? 1965 मध्ये नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या बाजूने आणि 1967 मध्ये सेरोटोनिनच्या बाजूने मांडणी झाली. पण 1955 मध्येच ब्रिटनमधल्या एका चाचणीत चिंताग्रस्त, खिन्न रुग्णांना रेसर्पिनने बरे वाटले होते. म्हणजे गणित तेव्हाच चुकत होते. ही चाचणी पुढे जवळपास विस्मरणात गेली.

‘असंतुलन’ या शब्दाला वजन आले ते दुसऱ्याच आजारामुळे, असे मला वाटते. पार्किन्सन्सने (कंपवाताने) गेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन या आणखी एका निरोप्या रसायनाची तूट 1960 मध्ये प्रत्यक्ष मोजली गेली. पुढे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या लेव्होडोपा या औषधाने जखडलेली माणसे हलू लागली. तिथे ‘कमी आहे, म्हणून भरा’ हे शब्दशः खरे होते. नैराश्याने ती पत उसनी घेतली. ‘असंतुलन’ म्हणायचे तर आधी तोल काय ते माहीत हवे, आणि निरोगी मेंदूतल्या सेरोटोनिनची अशी कोणतीही ठरलेली पातळी नाही. रक्ततपासणीचाही उपयोग नाही. शरीरातले सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पातळी मोजून गोळी लिहून दिली, असे नेहमीच्या उपचारात होतच नाही.

1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नैराश्यावरच्या गोळीला मंजुरी मिळाली. 1997 मध्ये तिथले दूरचित्रवाणी जाहिरातींचे नियम सैल झाले आणि हा शब्द घरोघरी पोचला. जाहिरातीत ‘कदाचित’ असे. ऐकणाऱ्याच्या लक्षात राहिले ते ‘असंतुलन’. अनेक डॉक्टरांनीही तो सोयीचा म्हणून वापरला. दोष तुमच्या स्वभावात नाही, असे त्याने रुग्णाला सांगता येई, हे नाकारून चालणार नाही. मात्र या गोळ्या सेरोटोनिन परत आत ओढणारा पंप काही तासांत अडवतात, आणि मन सावरायला आठवडे लागतात. नुसती तूटच असती तर इतकी वाट का पाहावी लागते? त्या काळात रिसेप्टरांची, म्हणजे पेशीवरच्या निरोप टिपणाऱ्या प्रथिनांची, संवेदनशीलता बदलते, पेशींची जोडणी बदलते. त्यातले नेमके काय कामी येते, यावर अजून एकमत नाही.

2022 च्या निष्कर्षाचा ‘गोळ्या निरुपयोगी’ असा अर्थ अनेकांनी लावला, तोही चुकीचा. परिणाम होतो की नाही आणि तो कशामुळे होतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांच्या 2018 च्या एका विश्लेषणात 522 चाचण्या आणि एक लाखाहून अधिक रुग्ण होते. त्यातली सर्व 21 औषधे बनावट गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफकच होता.

आता वादाचा रोख गोळ्या सोडण्याकडे वळला आहे. सोडतानाचा त्रास सौम्य असतो आणि आठवडाभरात जातो, असे ब्रिटनची मार्गदर्शक सूचना 2019 पर्यंत सांगत होती. मग तो काहींना तीव्र आणि दीर्घ होऊ शकतो, अशी दुरुस्ती झाली. याचे कारण सेरोटोनिन परत ओढणाऱ्या त्या पंपाच्या हिशेबात शोधले जाते. हा पंप अडवणाऱ्या पाच औषधांच्या नेहमीच्या किमान मात्रेलाच सुमारे 80 टक्के पंप अडलेले आढळले. त्यामुळे मात्रा निम्मी केली तरी परिणाम निम्मा होत नाही. मोठी घसरण शेवटच्या छोट्या तुकड्यात होते. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शेवटी शेवटी अगदी थेंबाथेंबाने मात्रा उतरवण्याची पद्धत पुढे येते आहे.